कोकणात वापरायचा कोयता कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल संपत आला की मुंबई-पुण्याहून फोन सुरू होतात. गावचं घर उघडायचंय, मागच्या दारापर्यंत रान आलंय, कामाला माणूस मिळत नाही, तर एखादा बरासा कोयता सुचव. बरासा म्हणजे कशासाठी, असं विचारलं की पलीकडे शांतता. हे प्रश्न त्या फोनांतून जमले आहेत. उत्तरं आमच्या कुडाळ-मालवण पट्ट्यातल्या वापरावरून दिली आहेत. गुहागर-दापोलीकडे आकार थोडा बदलेल, नावंही बदलतील.

कोयता आणि कोयती, फरक काय?

आकाराचा. कोयती लहान, हलकी, घरातल्या कुणालाही पेलणारी. पातं साधारण सात-आठ इंच, वजन अर्ध्या किलोच्या आतबाहेर. कोयता त्याहून मोठा, दहा-बारा इंचांपर्यंत, आणि किलोकडे झुकणारा. भात आणि गवत कापायचा तो विळा. त्याची धार आतल्या बाजूला, पातं पातळ, फांदीवर मारलात तर वाकेल. घाटावर उसाला वापरतात तो कोयताही वेगळा: पातळ, हलका, एका फटक्यात रसाळ कांडं तोडण्यासाठी केलेला. तो घेऊन काजूच्या वाळक्या फांदीवर गेलात तर धारेला दाते पडतील.

मी पहिल्यांदाच घेतोय आणि एकच घेणार आहे. कुठला घेऊ?

नऊ इंचांचं पातं, टोकाला किंचित आत वळलेलं, मुठीसकट वजन ६०० ते ७०० ग्रॅम, लाकडी मूठ, ओळखीच्या लोहाराकडून. इथेच थांबलात तरी चालेल. पुढचं सगळं ‘का’ विचारणाऱ्यांसाठी आहे.

जड कोयता जास्त तोडतो ना?

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दुकानात हातात घेतलं की जड कोयता भरवशाचा वाटतो. पण दुकानात आपण तो एकदाच उचलतो. वई, म्हणजे बागेचं कुंपण, साफ करताना तो तासाला काहीशे वेळा उचलायचा असतो. घावातली ताकद वजनावर असते तशी वेगावरही असते, आणि हिशेब वेगाच्या बाजूचा आहे: वजन दुप्पट केलं तर ताकद दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. जड कोयत्याला तुम्ही वेग देऊच शकत नाही. तो आपल्या वजनाने खाली पडतो आणि तुम्ही त्याला परत वर ओढत बसता. अर्ध्या तासात मनगट ढिलं पडतं, घाव तिरका बसायला लागतो, आणि माणसं स्वतःला लावून घेतात ती याच वेळेला.

पहिला कोयता घ्यायला गेलो तेव्हा मीही सगळ्यात मोठा उचलला होता. भात्याशेजारी बसलेल्या मेस्त्रींनी, म्हणजे आमच्या लोहारांनी, मान वर न करता विचारलं, "तुका झाडा तोडूची आसत काय लढाई करूची आसा?" मग एक मधला काढून दिला आणि म्हणाले, वीस वेळा नुसता हवेत मार. मारला. मग तो मोठा वीस वेळा. बाराव्या-तेराव्या फटक्याला अंगठ्याच्या मुळाशी कळ आली. ती परीक्षा मी आजही सगळ्यांना सांगतो. दुकानात लोक बघतील, बघू देत. मागे कुणी उभं नाही एवढं मात्र आधी पाहा.

वजन किती याइतकंच ते कुठे आहे हेही पाहा. पातं एका बोटावर आडवं तोलून धरा. तोल मुठीच्या पुढे तीन-चार बोटांवर आला तर उत्तम. पार टोकाकडे गेला तर हात दुखणार. मुठीतच राहिला तर घाव पोकळ बसणार.

टोकाला ती चोच कशासाठी? सरळ पातं नको का?

चोच म्हणजे तुमचा दुसरा हात. करवंदीच्या जाळीत हात घालून फांदी ओढायची नसते, चोचीने पुढे खेचायची आणि मग तोडायची. वेल ओढून काढायला, तोडलेल्या काट्यांचा भारा सरकवायला, झावळ खेचायला तिचाच उपयोग. शिवाय दगडाळ जागेत जमिनीलगत तोडताना आत वळलेलं टोक आधी दगडावर आपटत नाही. आपल्याकडे खाली जांभा असतोच. सरळ पात्याचं टोक पहिल्याच दिवशी कातळाला लागून बोथट होतं.

मात्र चोच फार वळलेली नको. विळ्यासारखी गोल झाली तर जाड फांदीत अडकते आणि निघता निघत नाही.

कुठलं लोखंड चांगलं?

गाडीच्या कमानीचा पाटा. कोकणातले लोहार बहुतेक यातूनच कोयते करतात, आणि ते काही जुगाड नव्हे. कमानीचं पोलाद वाकून पुन्हा सरळ व्हावं म्हणूनच बनवलेलं असतं. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा अधिक. एवढा कार्बन असला की पाणी देऊन धार टिकण्याइतकं कठीण करता येतं, आणि तरीही ते काचेसारखं फुटत नाही. बांधकामाच्या साध्या पट्टीत कार्बन पाव टक्क्याहूनही कमी. त्या पट्टीला कितीही पाणी द्या, ती मऊच राहणार. जुन्या कानशीत कार्बन एक टक्क्याच्या पुढे असतो. तिची सुरी झकास होते, पण फांदी तोडायच्या पात्याला ती ठिसूळ पडते.

पाटा जीपचा असेल तर मुळातच पातळ, ट्रकचा जाड. ट्रकचा पाटा ठोकून पातळ करायला मेहनत लागते. ती वाचवली की कोयता पहारीसारखा होतो. मुठीजवळ पाठ पाच-सहा मिलिमीटर आणि टोकाकडे तीन-चार, अशी उतरती असावी. सगळीकडे सारखीच जाड असेल तर तो ठोकून घडवलेला नाही, कापून काढलेला आहे.

‘पाणी दिलेलं’ म्हणजे नक्की काय? आणि दिलंय की नाही, कसं ओळखू?

पातं घडवून झालं की लोहार धारेची बाजू लालभडक तापवतो आणि झटकन पाण्यात किंवा तेलात बुडवतो. त्याने पोलाद कठीण होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून पुन्हा हलकं तापवून त्याचा ताठा उतरवतात. ही दुसरी पायरी रंगावर चालते. घासून पांढऱ्या केलेल्या पात्यावर आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. तोडायच्या हत्याराला पिवळ्याच्या पुढे, तपकिरी-जांभळ्यावर थांबवलेलं बरं. भट्टी छपराखाली अंधाऱ्या जागी असते ती उगाच नाही. उन्हात पोलादाची लाली डोळ्याला कळत नाही.

एकदा हे बघायला मुद्दाम थांबलो होतो. मेस्त्रींनी पातं पूर्ण बुडवलं नाही. धारेची बाजू बोटभर पाण्यात धरून पुढेमागे हलवत राहिले. पाठ वर तशीच लालसर. धार कठीण आणि पाठ चिवट राहते ती यामुळे.

ओळखायचं कसं? खिशात एक छोटी कानस घेऊन जा आणि विचारून धारेवर हलकेच फिरवा. कानस लोण्यात गेल्यासारखी खोल चावली तर पाणी नाही. काचेवरून घसरल्यासारखी नुसती सरकली तर पाणी जास्त झालंय, गाठीवर मारल्यावर तुकडा उडेल. थोडा जोर दिल्यावर बारीक चुरा निघाला तर घ्या. मूठ सैल धरून पात्यावर नखाने टिचकीही मारा. आवाज खणखणीत यायला हवा. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर असू शकते किंवा मूठ सैल असू शकते.

स्टेनलेस स्टीलचा का नको? समुद्राजवळ गंज लागणार नाही.

गंज कमी लागेल, हे खरं. पण बाजारातले स्वस्त चकचकीत कोयते मऊ पत्र्याचे असतात. धार दोन दिवसांत जाते. मी एकदा हायवेवरच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून असा घेतला होता. प्लास्टिकची लाल मूठ, आरशासारखं पातं. तिसऱ्या दिवशी मूठ हातात राहिली आणि पातं सोडणांच्या (नारळाच्या सालांच्या) ढिगात जाऊन रुतलं. काढून पाहिलं तर मुठीच्या आतलं शेपूट जेमतेम दोन इंचांचं. ढिगाऐवजी तिथे कुणी बसलेलं असतं तर, हा विचार त्या रात्री झोपताना आला. आता मी कुठलाही कोयता घेताना शेपूट मुठीत किती खोल आहे ते आधी विचारतो. निदान तीन-चतुर्थांश मुठीपर्यंत हवं. आरपार जाऊन मागे वळवून ठोकलेलं असेल तर अधिक चांगलं.

शहाळी विकायच्या गाडीवर, जिथे दिवसभर फक्त ओलं सोडण कापायचं असतं, तिथे चांगल्या प्रतीचं स्टेनलेस चालतं. रानासाठी नको.

ऑनलाइन मिळणाऱ्या मॅचेटी, कुकरी, परांग?

वाईट नाहीत, पण त्या दुसऱ्या रानासाठी घडल्या आहेत. मॅचेटी दक्षिण अमेरिकेतली. लांब, पातळ, हिरव्या मऊ वाढीवर सपासप चालते. आपल्या वाळलेल्या काजूवर किंवा ऐनाच्या फांदीवर आपटली की झणझणते. रानमोडीची झुडपं आणि उंच गवत एवढंच काम असेल तर मॅचेटी खरंच सोयीची, वाकावं लागत नाही. मलेशियाकडचा परांग आणि इंडोनेशियाचा गोलोक आपल्या हवेच्या आणि झाडांच्या जास्त जवळचे. कुकरी नेपाळची. लाकूड छान तोडते, पण चोच नसल्याने जाळीत खेचायचं काम करत नाही.

माझा आक्षेप पात्याला नाहीच. तो वजनाला आणि मुठीला आहे. फोटो बघून वीस वेळा हवेत मारता येत नाही. काळा रंग, पाठीवर करवतीचे दाते, मुठीत होकायंत्र असलं काही दिसलं तर पुढच्या पानावर जा.

मूठ कुठल्या लाकडाची?

धामण मिळाली तर सोनं. चिवट असते आणि घावाचा झटका हातापर्यंत येऊ देत नाही. पेरूचं आणि चिंचेचं लाकूडही उत्तम. साग दिसतो छान, पण धागा सरळ असल्याने झटक्याने उभा चिरतो. रबराची किंवा प्लास्टिकची मूठ घामाने आणि पावसाने निसरडी होते, आणि सैल झाली तर गावात दुरुस्त होत नाही. लाकडी मूठ लोहार तिथल्या तिथे बदलून देतो: शेपूट तापवून लाकडात जाळत बसवायचं, पोकळी राळ किंवा लाख वितळवून भरायची आणि तोंडाला लोखंडी कडं चढवायचं. कडं नसलेली मूठ घेऊ नका.

जाडीचं माप सोपं आहे. मूठ धरल्यावर मधल्या बोटाचं टोक तळव्याला जेमतेम टेकलं पाहिजे. टोक तळव्यात रुतलं तर मूठ बारीक, पोचलंच नाही तर जाड. मागच्या टोकाला थोडा फुगवटा हवा, म्हणजे ओल्या हातातून निसटत नाही. मुठीला वॉर्निश असेल तर काचेने खरवडून काढा आणि खोबरेल चोळा. वॉर्निशने फोड येतात.

लोहाराकडे जाऊन काय सांगायचं?

"चांगला कोयता द्या" सांगितलंत तर ते समोर टांगलेला देतील, त्यांची चूक नाही. काय तोडणार ते सांगा: काजूची छाटणी, वई, बांबू, नारळ. उजवे की डावरे ते सांगा. हात दाखवा, ते मुठीचं माप बघतात. पाटा कुठला, हे विचारा. घाई असेल तर जाऊच नका. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पावसाआधी, सगळा गाव विळे-कोयते घेऊन तिथे बसलेला असतो आणि तेव्हा केलेलं काम घाईचं होतं. दिवाळीनंतर जा. तेव्हा मेस्त्रींना वेळ असतो, चहा होतो, आणि तुमच्यासमोर पातं घडतं. आठवडा बाजारातही कोयते मिळतात, पण शक्य असेल तर विकणारा स्वतः घडवणारा आहे का ते विचारा.

दराची घासाघीस करण्याआधी भात्यासमोर पाच मिनिटं उभे राहून बघा.

मी डावरा आहे. वेगळा लागतो का?

धार दोन्ही बाजूंनी सारखी उतरवलेली असेल तर नाही. काही पात्यांना एकाच बाजूने उतार असतो, दुसरी बाजू सपाट. असं पातं उजव्या हाताला बेतलेलं असतं, डाव्या हातात ते लाकडाबाहेर सरकतं. आधीच सांगितलंत तर लोहार उलटा उतार काढून देतो.

धार कशी आणि किती लावायची?

दाढी करण्याइतकी तर मुळीच नको. स्वयंपाकघरातल्या सुरीसारखी पातळ धार पहिल्याच गाठीवर दुमडते.

पातं अडीच इंच रुंद असेल तर दगडावर ठेवून पाठ अंगठ्याच्या रुंदीइतकी वर उचला. तो कोन तोडायच्या कामाला बरोबर असतो, साधारण २० अंश. दोन्ही बाजूंनी तेवढाच. आधी कानशीने दाते काढा. कानस चालवताना हात घसरून धारेवर जाऊ शकतो, म्हणून पातं पाटावर पक्कं दाबून धरा. मग दगड आणि पाणी. विहिरीच्या कठड्याजवळ गुळगुळीत झालेला काळवत्री दगड असतो, तो सगळ्यात चांगला. जांभ्यावर घासू नका, तो भोकाभोकांचा आणि चरचरीत. धार येण्याऐवजी ओरखडे येतात.

ग्राइंडरवर लावून घेणार असाल तर तिथे उभे राहा. माझ्या एका चांगल्या कोयत्याची धार अशीच वाया गेली. गावातल्या एका गॅरेजमध्ये दिला, परत आला तेव्हा धारेलगत निळसर पट्टा होता आणि मला तो तेव्हा शोभेचा वाटला. निळा रंग म्हणजे तिथलं पोलाद जास्त तापलं आणि पाणी उतरलं. पुढच्या आठवड्यात माणग्याच्या, म्हणजे बिनकाट्याच्या बांबूच्या, पेरावर मारल्यावर धार कागदासारखी दुमडली. ग्राइंडरवर धरायचाच असेल तर क्षणभर टेकवायचा आणि पाण्यात बुडवायचा, पुन्हा टेकवायचा.

खाऱ्या हवेत गंजाचं काय करायचं?

कोकणात पोलाद गंजणारच. प्रश्न फक्त किती, एवढाच. काम संपलं की धुवा, पुसा, कोरड्या फडक्याने खोबरेलाचा हात फिरवा. शहाळं फोडून कोयता तसाच ठेवला तर सकाळी तांबडा दिसतो, कारण नारळाच्या पाण्यात क्षार असतात. काजूच्या बोंडाचा रस लागला की पातं काळं पडतं. तो डाग आहे, गंज नव्हे, घाबरू नका. फणसाचा चीक पाण्याने जात नाही. तेल चोळा आणि मग राखेने घासा.

पावसाळ्यात कोयता पडवीत, समुद्राच्या वाऱ्यावर टांगू नका. चूल पेटत असेल तर तिच्या वरचा माळा ही घरातली सगळ्यात कोरडी जागा. घर बंद करून मुंबईला जाणार असाल तर जाड ग्रीस फासा आणि वर्तमानपत्रात गुंडाळा. चामड्याच्या म्यानात ठेवून जाऊ नका. चामडं ओल धरतं. गणपतीला याल तेव्हा म्यानाला बुरशी आणि आत गंज सापडेल, आणि गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटवीला रानातली हरणं-कांगलं आणायला जायच्या दिवशी तुम्ही कोयता घासत बसाल.

रानात न्यायचा कसा? हातात?

आकडीला. कमरेच्या दोरीला मागच्या बाजूला लाकडी किंवा लोखंडी आकडा बांधतात, कोयता त्यात अडकतो. दोन्ही हात मोकळे, झाडावर चढता येतं. लोहाराकडे कोयत्याबरोबर आकडीही मागा. नवख्या माणसाने मात्र आधी सपाट जागेत चालून सवय करावी आणि आकडीत कोयता असताना खाली बसू नये. गाडीतून नेताना सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून धारेवर चढवा आणि वरून दोरी गुंडाळा.

मनगटात दोरीचा फास घालून कोयता वापरायची एक फॅशन आली आहे. ती टाळा. हातातून सुटलेला कोयता दूर पडलेला बरा, फास असेल तर तो झोका घेऊन गुडघ्यावर येतो.

नारळ सोलायला चालेल?

शहाळं तासायला आणि सोललेला नारळ पाठीने फोडायला, हो. सुका नारळ सोलायला पहार किंवा सोलायचं यंत्र वापरा. कोयता सोडणात अडकतो, आपण ओढतो, आणि तो येतो तो दुसऱ्या हाताकडे.

बांबूसाठी वेगळा हवा का?

वेगळा नको, पण धार जरा जाड ठेवा. बांबूच्या सालीत वाळूतलीच सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. माणगा बिनकाट्याचा म्हणून सोपा. कळकाच्या बेटात शिरण्याआधी बाहेरच्या काटेरी फांद्या चोचीने मोकळ्या करून घ्याव्या लागतात. तोडताना जमिनीपासून पहिल्या-दुसऱ्या पेराच्या लगेच वर घाव घाला. मध्येच तोडलात तर उरलेल्या नळीत पावसाचं पाणी साचतं, बुंधा कुजतो आणि डासही होतात. तिरका तोडून भाल्यासारखं टोक ठेवू नका. पुढच्या वर्षी गवतात ते दिसत नाही.

ग्रास कटर घेतला तर कोयत्याची गरज उरते का?

गवताला नाही. वईला, वेलींना, फांद्यांना उरते. शिवाय ग्रास कटर खाजकुयलीची कुसं हवेत उडवतो, तीन दिवस अंग खाजवत बसाल.

आपल्याच जागेतलं झाड तोडायला परवानगी लागते?

अनेक झाडांना लागते. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, साग अशी आपल्या बागेतलीच झाडं आहेत. खाडीकाठच्या तिवरांना हात लावू नका, तिथे गुन्हा दाखल होतो. वाळक्या फांद्या, झुडपं, रानमोडी यांना कुणी अडवत नाही.

मुंबईला घेऊन जाताना पोलीस धरतील का?

‘कोयता गँग’च्या बातम्या आल्यापासून हा प्रश्न फार वाढला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण शेतीसाठी बनवलेली हत्यारं तिथेही बाजूला काढली आहेत. हे झालं कागदावर. जमावबंदीचे आदेश असतात तेव्हा, निवडणुकीच्या किंवा सणाच्या काळात, उघडा कोयता घेऊन बाजारात फिरणाऱ्याला पोलिसांनी थांबवलं तर तक्रार करण्यात अर्थ नाही. धार झाकलेली, गोणपाटात बांधलेला, सामानाच्या तळाशी, असा न्या. चिपी किंवा मोपा विमानतळावरून जाणार असाल तर हातातल्या बॅगेत अजिबात नको.

साप दिसला तर?

कोयता हा सापासाठी नाही. सापाला मारायला वाकलात तर तुमचा हात त्याच्या टप्प्यात जातो. आपल्या कातळावर फुरसं असतं, दगडाखाली आणि पाल्यात, आणि ते इतकं लहान असतं की दिसतच नाही. घोणस वाळक्या पानांत मिसळून जाते. म्हणून डाव्या हातात लांब काठी घ्या. आधी काठीने जाळी हलवा, थांबा, मग कोयता. वर पाहायलाही विसरू नका. आंब्या-काजूवर हुमल्यांचं (लाल मुंग्यांचं) घरटं असेल तर पहिल्याच घावाला ते मानेवर पडतं. पायात चपला नकोत, गमबूट हवेत. सर्पदंश झाला तर चिरा देणं, चोखणं, करकचून बांधणं काही नको. हातपाय हलवू न देता १०८ ला फोन.

आणि कोयताच लागला तर?

स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा, दवाखान्यात जा. हळद, चुना, कात, रानातला पाला, काही भरू नका. डॉक्टरांना ते सगळं आधी खरवडून काढावं लागतं. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर जखम लहान दिसली तरी तिथेच थांबू नका, आतला स्नायुबंध किंवा नस तुटलेली असू शकते. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्याच. लोक म्हणतात कोयता गंजका नव्हता, मग कशाला? धनुर्वात गंजाने होत नाही, मातीतल्या जंतूंनी होतो, आणि कोयता मातीतलाच.

मासे-मटणाला हाच वापरू का?

नको. त्याच्यावर काय काय लागलेलं असतं ते तुम्ही आत्ताच वाचलंत. घरात आडाळो (विळी) आहे.

आजोबांचा कोयता सापडलाय, पार गंजलेला. टाकून द्यावा का?

आधी रॉकेलात रात्रभर ठेवा आणि तारेच्या ब्रशने घासा. वरवरचा गंज निघून खाली काळं, सलग पोलाद दिसलं तर नवी मूठ बसवून घ्या. खड्डे खोल गेले असतील किंवा धारेत उभी चीर असेल तर फांदीवर मारायला तो गेला. तरी भंगारात घालू नका. आमच्याकडे आजोबांच्या कोयत्याचं पातं घासून घासून दोन बोटांवर आलं होतं. मेस्त्रींनी हातात घेऊन टिचकी मारली, कानाशी धरलं आणि म्हणाले, ह्या जुन्या पाट्याचा, ठेव. त्यांनी त्याची चोच तोडून बारकी कोयती करून दिली. आई ती सुरंगीच्या झाडाखालच्या आळ्यात वापरते, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.